मत्स्यालयाची खालची टाकी



आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे, ती पाहुण्यांच्या दृष्टीस सहसा पडत नाही. दिवाणखान्यात काचेची टाकी असते, तिच्यात समुद्राचे खारे पाणी असते, त्या पाण्यात पिवळे, निळे, नारिंगी मासे फिरत असतात आणि पाहणारा त्यांतच गुंग होऊन जातो. टाकीखालच्या लाकडी कपाटाचे दार उघडून पाहावे असे कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक ते दार अवश्य उघडावे. आत दुसरी एक टाकी असते. तिच्यात मासे नसतात, शोभा नसते. असते ती काचेची आडवी तावदाने, थोडे दगड, एखादी फेस ओकणारी नळी आणि सतत वाहणारे पाणी. वरचे सारे वैभव या खालच्या टाकीच्या जिवावर चाललेले असते.

हौशी लोक तिला 'संप' म्हणतात. शब्द इंग्रजी आहे. मुळात त्याचा अर्थ दलदल. पुढे खाणीच्या तळाशी जेथे सर्व पाणी झिरपून गोळा होते व जेथून ते उपसून वर काढतात, त्या खड्ड्यास हे नाव पडले. मराठी कानाला मात्र तो जरा चमत्कारिक लागतो. आपल्याकडे संप म्हटला की गिरणी बंद, काम बंद. आणि या टाकीचा गुण असा की, तिने एक दिवस जरी काम बंद ठेवले तरी वरच्या माशांचे प्राण कंठाशी यावेत. म्हणून मी आपला तिला 'खालची टाकी' असेच म्हणणार आहे.

आपले कोल्हापूर सह्याद्रीच्या अलीकडे वसलेले. आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठावी तेव्हा कोठे समुद्राचे दर्शन होते. अशा गावी समुद्रातला मासा जिवंत ठेवावयाचा म्हणजे काय करावयाचे? पुष्कळांना वाटते की, मुख्य प्रश्न खाण्याचा. तसे नाही. मुख्य प्रश्न मळाचा आहे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया नावाचे द्रव्य पाण्यात सोडीत असतो, आणि तेच द्रव्य अत्यल्प प्रमाणात साठले तरी त्याला विषासारखे बाधते. समुद्र अफाट आहे, तेथे ते कोठल्या कोठे नाहीसे होते. काचेच्या चार भिंतींत ते जाणार कोठे? मत्स्यालयाचा सारा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास आहे, आणि त्यातली गंमत अशी की, उत्तर हाती आले तेव्हा ते का बरोबर आहे हे ते शोधणाऱ्यांनाच ठाऊक नव्हते.

प्रारंभ एका बाईपासून करावा लागतो. सन १८४६ मध्ये ॲना थिन या इंग्रज बाई टॉर्की नावाच्या समुद्रकाठच्या गावी गेल्या असता त्यांना तेथे जिवंत पोवळ्याच्या जातीचे प्राणी सापडले. ते लंडनला न्यावेत असे त्यांच्या मनाने घेतले. प्रवासात ते एकमेकांवर आपटून फुटू नयेत म्हणून बाईंनी सुईदोऱ्याने त्यांना एका मोठ्या स्पंजावर टाचले आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या दगडी बरणीत घालून नेले. लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आवारात त्यांचे घर होते. प्रथम त्या दिवसाआड समुद्राचे ताजे पाणी मागवीत. ते मिळेनासे झाले तेव्हा त्यांनी जुनेच पाणी पुन्हा वापरण्याची एक युक्ती काढली. उघड्या खिडकीपुढे उभे राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, असे अर्धा-पाऊण तास ओतीत राहावयाचे. हवा पाण्यात मिसळे आणि प्राणी जगत. हे कष्टाचे काम त्यांची एक लहानगी मोलकरीण करी. तिला त्यात मौज वाटे असे बाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. मोलकरणीचे म्हणणे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही, आणि तिचे नावही इतिहासाने जपले नाही. आज जे काम विजेचा पंप करतो ते तेव्हा त्या पोरीचे दोन हात करीत होते, एवढे आपण ध्यानात ठेवू. १८४७ च्या वसंतात बाईंनी पाण्यात समुद्रवनस्पतीही सोडल्या, आणि त्यांचे प्राणी सुमारे तीन वर्षे जगले. पोवळ्याचा जीव समुद्रापासून दूर इतका काळ टिकविणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बारा गॅलनांच्या टाकीत दोन सोनेरी मासे, एक पाणवनस्पती आणि गोगलगाई ठेवून पाहिल्या. वनस्पती प्राणवायू देते, मासा तो घेतो, कुजलेली पाने गोगलगाई खातात. असा संसार आपोआप चालतो हे त्याने १८५० च्या सुमारास जाहीर केले. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक 'मत्स्यगृह' उघडले. त्यात फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचा हात होता. १८५४ मध्ये त्याचे मत्स्यालयावरचे पुस्तक निघाले, आणि चार क्षार मिसळून घरी समुद्राचे पाणी कसे करावे याची कृतीही त्याने प्रसिद्ध केली. झाले! लंडनच्या घरोघरी काचेच्या टाक्या आल्या. आणि घरोघरी त्या थोड्याच दिवसांत गढूळ होऊन नासू लागल्या. वॉरिंग्टनचे तत्त्व खोटे नव्हते, पण अपुरे होते. त्याच्या टाकीत मासे दोनच होते. हौशी माणसाला दोन माशांत समाधान कोठले?

ज्याच्यासाठी मी हे भाषण करावयाचे ठरविले तो माणूस आता येतो. त्याचे नाव विल्यम ॲल्फर्ड लॉइड. गरिबीतून वर आलेला, शास्त्राचे रीतसर शिक्षण न मिळालेला हा गृहस्थ. त्याने लंडनमध्ये पोर्टलंड रोडवर समुद्रप्राण्यांचे आणि टाक्यांचे दुकान घातले. गिऱ्हाइकांच्या टाक्या का नासतात हे तो रोज पाहात होता, आणि दुकानदार असल्यामुळे त्याला ते पाहणे भागच होते. विद्वानाचा मासा मेला तर निबंध लिहून होतो, दुकानदाराचा मेला तर गिऱ्हाईक जाते. निरीक्षणाने लॉइडच्या एक गोष्ट ध्यानात आली. टाकीतले पाणी उजेडात सतत ठेवले की हिरवे होते, साचून राहिले की कुजते. तेच पाणी अंधारात, गार जागी ठेवले आणि वाहते राखले, तर ते निवळते आणि वर्षानुवर्षे चांगले राहते.

यावरून त्याने जी रचना केली तीच आपली खालची टाकी. लॉइडच्या हाती प्रथम हॅम्बुर्गचे मत्स्यालय आले, ते १८६४ साली उघडले. नंतर १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालय त्याने उभारले. ही जागा समुद्रकाठी नव्हे, टेकडीवर. पाणी ब्रायटनच्या किनाऱ्याहून आगगाडीने आणावे लागले. इतक्या खर्चाने आणलेले पाणी टाकून देणे परवडणारे नव्हते. तेव्हा लॉइडने प्रदर्शनाच्या टाक्यांखाली एक प्रचंड, अंधारी टाकी बांधली. लोकांना दिसणाऱ्या सगळ्या टाक्यांत मिळून जेवढे पाणी होते, त्याच्या कित्येक पट पाणी या न दिसणाऱ्या टाकीत होते. वाफेच्या पंपाने खालचे पाणी वर चढे, टाक्यांतून एकीतून दुसरीत वाहात जाई, आणि शेवटी पुन्हा खालच्या अंधारात उतरे. समुद्राच्या पाण्यात धातू विरघळून विष होतो म्हणून त्याने पंप व नळ्या धातूच्या न ठेवता कडक केलेल्या रबराच्या ठेवल्या. नेपल्स येथे आंटोन डोर्न या जर्मन शास्त्रज्ञाने समुद्रजीवांच्या अभ्यासाची जी विख्यात संस्था काढली, तिचे मत्स्यालय १८७४ मध्ये खुले झाले. त्याच्या योजनेतही लॉइडचा सल्ला होता.

लॉइडने हे केले खरे, पण ते यशस्वी का होते याचे त्याचे उत्तर अपुरे होते. त्याच्या मते पाण्याच्या हालचालीने प्राणवायू मिसळतो आणि तो प्राणवायू मळ जाळून टाकतो. यात अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे मत्स्यालयात नव्हे, तर पॅरिसच्या गटारात सापडले!

१८७७ साली श्लोसिंग आणि म्युंत्झ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक मीटर लांबीची नळी वाळू आणि थोडा चुनखडीचा चुरा यांनी भरली आणि तिच्यातून गटाराचे पाणी हळूहळू झिरपू दिले. पहिले वीस दिवस अमोनिया जसा आत जाई तसाच बाहेर येई. विसाव्या दिवसानंतर अमोनिया नाहीसा होऊन त्याच्या जागी नायट्रेट, म्हणजे सोऱ्याच्या जातीचा क्षार, बाहेर येऊ लागला. आता केवळ हवेने मळ जळत असता, तर पहिल्याच दिवशी जळावयास काय हरकत होती? वीस दिवस कशासाठी लागले? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. सगळे थांबले. मग बागेतल्या मातीचे धुवण त्यात घातले, आणि काही दिवसांनी काम पुन्हा सुरू झाले. याचा अर्थ उघड होता. वाळूत काहीतरी जिवंत होते. क्लोरोफॉर्मने ते मेले, मातीतून ते पुन्हा आले. १८९० मध्ये विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जंतू वेगळे काढून दाखविले. एका जातीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिली दोन द्रव्ये माशाला घातक. तिसरे त्या मानाने पुष्कळच सौम्य.

मी शाळेत असताना आरोग्यशास्त्राच्या तासाला घडवंचीवरच्या तीन घागरींचे चित्र फळ्यावर काढावे लागे. वरच्या घागरीत कोळसा, मधल्या घागरीत वाळू, तळाशी शुद्ध पाणी. मुले पाठ म्हणत की, 'वाळू पाणी गाळते.' हे वाक्य चुकीचे नाही, पण वाळूवर हळूहळू जो बुळबुळीत थर बसतो तोच खरा कामकरी, हे त्यात येत नसे. १८९२ साली एल्ब नदीकाठी हॅम्बुर्ग शहरात पटकीने कहर केला. शेजारचे आल्टोना गाव तीच नदी, तीही हॅम्बुर्गची घाण घेऊन आल्यावर, पीत होते. पण ते वाळूतून गाळून पीत होते, आणि ते पुष्कळ अंशी बचावले. नव्या स्वच्छ धुतलेल्या वाळूपेक्षा काही आठवडे चाललेली वाळू पाणी अधिक चांगले शुद्ध करते, हे तेव्हापासून जलशुद्धीकरण करणाऱ्यांना माहीत आहे. आपल्याकडच्या गृहिणीला मात्र ते पटवून देणे कठीण. बुळबुळीत दिसले की तिचा हात चिंचेकडे आणि राखेकडे वळतो. मत्स्यालयाची खालची टाकी तिने अशी घासून लख्ख केली, तर दुसऱ्या दिवसापासून वरचे मासे धापा टाकू लागतील.

आता आपल्या देशाकडे वळू. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर एडगर थर्स्टन यांच्या प्रयत्नाने १९०९ मध्ये मत्स्यालय उघडले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्याच्या भीतीने ते बंद पडले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी सहलीत पाहिले असेल. चर्नी रोडजवळ, मरीन ड्राइव्हवर, १९५१ साली ते उघडले. उद्घाटनास राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद आले होते. इमारतीस सुमारे आठ लाख रुपये लागले आणि त्यांपैकी दोन लाख तारापोरवाला यांच्या देणगीचे होते; म्हणून हे नाव. २०१५ मध्ये त्याचा जीर्णोद्धार होऊन पारदर्शक बोगदाही झाला, परंतु २०२० मधील साथीच्या वेळी दारे बंद झाली.

या मत्स्यालयासमोर रस्ता ओलांडला की समुद्र. तेव्हा तेथे पाण्याची काय ददात, असे आपणास वाटेल. पण समुद्र समोर असणे आणि समुद्राचे पाणी वापरण्याजोगे असणे यांत फार अंतर आहे. पावसाळ्याचे चार महिने मुंबईच्या किनाऱ्याचे पाणी गढूळ असते, आणि नद्यानाल्यांचे गोडे पाणी येऊन त्याचा खारटपणाही घटतो. एवढ्या मोठ्या शहराचा मैला किनाऱ्याला लागतो तो निराळाच. म्हणून समुद्रकाठच्या मत्स्यालयालाही पाणी साठवावे, निवळावे, गाळावे लागते. क्रिस्टल पॅलेसची टेकडी असो की मरीन ड्राइव्ह असो, खालच्या टाकीवाचून गत्यंतर नाही.

रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र कोल्हापूरकरांना अधिक जवळचे. ते १९५८ मध्ये निघाले आणि पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आले. तेथील संग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. मुले त्यापाशीच रेंगाळतात, आणि त्यात नवल नाही. पण ज्यांना घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवावयाची आहे त्यांनी तेथील टाक्यांपुढे थोडा अधिक वेळ उभे राहावे, असे मी सुचवीन.

सार्वजनिक मत्स्यालयातून ही विद्या घरात आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर पोवळी कशी जगवावीत हे लिहिले. त्यांच्या दारात समुद्र होता, ही गोष्ट त्यांचे अनुकरण करणारे पुष्कळ जण विसरले. जर्मनीत फेसाने पाणी शुद्ध करण्याचे उपकरण घरगुती आकारात आले. हॉलंडमध्ये पाणी थेंबाथेंबाने हवेतून जंतूंच्या थरावर पाडण्याची रीत रुळली, आणि १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी ती अमेरिकेत पोहोचली. तेव्हापासून टाकीखाली दुसरी टाकी हा नेम पडला.

फेसाच्या उपकरणाबद्दल दोन शब्द अधिक सांगतो, कारण त्याचे तत्त्व कोल्हापूरच्या माणसाला समजावून देणे फार सोपे आहे. गुऱ्हाळावर काहिलीत रस तापू लागला की मळी वर येते. रानभेंडीचा चिकट रस घातला की ती अधिक जमते, आणि ती काढून टाकली म्हणजे गूळ पिवळाधमक उतरतो. मळी काढण्यात कसूर झाली तर गूळ काळा. येथे आच नाही, भेंडी नाही, परंतु पाण्यात विरघळलेला चिकट सेंद्रिय मळ बुडबुड्याच्या अंगाला चिकटून वर येतो हे साम्य आहे. उंच नळीत अत्यंत बारीक बुडबुडे सोडले की तपकिरी फेस वरच्या वाटीत जमतो. मळाचा अमोनिया होण्यापूर्वीच तो बाहेर पडतो, हा या उपकरणाचा मोठा लाभ. गोड्या पाण्यात मात्र हे साधत नाही. तेथे बुडबुडे मोठे होतात आणि फेस टिकत नाही.

आता घरी ही टाकी बांधावयाची तर कशी? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने कोल्हापुरात ती बांधली आहे, तिच्यावरूनच सांगतो. वरची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे नऊ घनफूट, सुमारे २५५ लिटर. खालची तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच; म्हणजे सुमारे १३३ लिटर. काच आणि सिलिकॉन काचवाल्याकडे मिळते, नळ्या प्लॅस्टिकच्या. वरच्या टाकीच्या काठाशी एक दातेरी बंधारा असतो. त्यावरून पृष्ठभागाचे पाणी, जेथे तेलकट थर जमतो तेच, ओसंडून नळीने खाली उतरते. खाली ते तीन दालनांतून जाते. पहिल्यात फेसाचे उपकरण. दुसऱ्यात सच्छिद्र खडक आणि समुद्रशेवाळ. या दालनावर रात्री दिवा लावतात, वरच्या टाकीत दिवसा उजेड आणि येथे रात्री, म्हणजे शेवाळ नायट्रेट खात राहते. मग एकमेकांपासून एकेक इंचावर तीन तावदाने, एक खालून, एक वरून, एक खालून, अशी बसवितात. पाण्याला खालीवर वळण घ्यावे लागते आणि बुडबुडे मागे राहतात. शेवटच्या दालनात पंप.

वाचून हे सोपे वाटते. पण या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी पंपाची नळी वरच्या टाकीत पृष्ठभागाखाली सहा इंच नेऊन सोडली होती. पाऊस लागला, एका रात्री वीज गेली. पंप थांबला. नळीत पाणी भरलेलेच होते, ते उलटे वाहू लागले, आणि नळीचे तोंड उघडे पडेपर्यंत वाहातच राहिले. वरच्या टाकीचे क्षेत्रफळ सहा चौरस फूट. एक इंच पाणी म्हणजे अर्धा घनफूट, १४ लिटर. सहा इंच म्हणजे ८५ लिटर. खालची टाकी पंधरा इंच उंच, तीत दहा इंच पाणी. रिकामी जागा ४४ लिटरांची. उरलेले चाळीस लिटर खारे पाणी सकाळी घरभर झाले होते. मासे वाचले, परंतु घरातील मंडळींनी टाकी काढून टाकण्याचा जो आग्रह धरला तो पुष्कळ दिवस टिकला.

त्याने त्रैराशिक मांडले असते तर हा प्रसंग आला नसता. ते गणित मी त्याच्याकडून करून घेतले. नळीला पृष्ठभागाच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडले की पाणी थोडे उतरताच त्यातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. मग वरचे पाणी फार तर दीड इंच उतरते, म्हणजे २१ लिटर. नळ्यांतले थोडे त्यात मिळवा. ४४ लिटरांची जागा त्याला भरपूर झाली. ते भोक शेवाळाने बुजते, म्हणून आठवड्यास एकदा काडीने साफ करावे लागते.

उलट बाजूचाही विचार हवा. खाली येणाऱ्या नळीत गोगलगाय अडकून ती तुंबली, तर पंप आपल्या दालनातले सगळे पाणी वर ढकलील. तेव्हा पंपाच्या दालनातले पाणी वरच्या टाकीच्या रिकाम्या जागेपेक्षा कमी असले पाहिजे. त्याने दालन नऊ इंच लांब ठेवले, पाणी आठ इंच. ते होते सुमारे १८ लिटर. वरच्या टाकीत काठाखाली दोन इंच जागा, म्हणजे २८ लिटर. जुळले. माझ्या अनुभवात पुष्कळ मुलांना घनफळाची उदाहरणे नीरस वाटत. त्यांना ही टाकी दाखवावयास हवी होती.

तांब्याविषयी एक इशारा देणे अवश्य आहे. आपल्या घरी तांब्याची घागर म्हणजे शुद्धतेची खूण. येथे तेच तांबे काळ. समुद्राच्या पाण्यात पितळेचा एखादा खिळा किंवा चिमटा पडला, तरी कोळंबी, गोगलगाई, पोवळी यांसारखे बिनकण्याचे प्राणी त्याने मरतात. लॉइडला हे दीडशे वर्षांपूर्वी उमगले होते.

आणि भारनियमनाचे काय? वीज गेली की खाली जंतू आणि वर मासे, दोघेही प्राणवायूसाठी एकाच पाण्यावर येतात. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप वरच्या टाकीत ठेवला तर पुष्कळ तास निभावते. तोही नसेल तर दोन तांबे घ्यावेत, अर्थात प्लॅस्टिकचे, आणि ॲना थिन बाईंच्या मोलकरणीचा धडा गिरवावा.

येथे एक आक्षेप मला स्वतःलाच पुष्कळ दिवस सतावीत होता. समुद्रातला जीव उचलून घाटमाथ्यावरच्या दिवाणखान्यात कोंडण्याचा आपल्याला अधिकार काय? आपल्या देशाचा कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. २००१ मध्ये पोवळ्यांच्या खडक बांधणाऱ्या जाती आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. ते समुद्रातून काढणे, विकणे हा गुन्हा आहे. मालवणच्या सहलीत खडकावरून पोवळ्याचा तुकडा तोडून खिशात घालणारेही त्यात आले. माशांच्या बाबतीत अलीकडे एक चांगली वाट निघाली आहे. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा जो मासा मुलांना फार आवडतो, त्याची पैदास कोची येथे मुख्य कचेरी असलेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हौदांत करून दाखविली आहे. हौदात जन्मलेला मासा घ्यावा आणि समुद्रातून पकडलेला घेऊ नये, असे माझे मत आहे. पकडलेल्या माशांपैकी किती वाटेतच मरतात हे दुकानात दिसत नाही.

ज्याने टाकी भरली त्याने मासे आणण्याची घाई करू नये. खालच्या टाकीत जंतूंची वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पॅरिसच्या नळीला वीस दिवस लागले होते, हे आपण पाहिलेच. या मुदतीत पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते आणि मनाला मोह होतो. परंतु अमोनिया आणि नायट्राइट डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांची तपासणी रसायनाच्या थेंबांनी करावी, दोन्ही शून्यावर आली म्हणजे एक मासा सोडावा. एकच.

पाणी कोठले घ्यावे, हा शेवटचा मुद्दा. विकतचा क्षार घ्यावा, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. स्वयंपाकाच्या मिठाने काम होत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम हेही असतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवून घ्यावे. उन्हाळ्यात पाणी उडून जाते, पण क्षार मागेच राहतो. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्याने भरावयाची, खाऱ्या नव्हे. ही तूट पंपाच्या दालनातच दिसते, तेव्हा तेथे काचेवर एक रेघ ओढून ठेवावी. कोणी रत्नागिरीहून खरेच पाणी आणणार असेल, तर पौष-माघात, भरतीच्या वेळी, खाडीच्या मुखापासून आणि बंदरापासून दूर, उघड्या किनाऱ्यावरचे आणावे. आणल्यावर ते झाकण लावून दोन-तीन आठवडे अंधारात ठेवावे. त्यातले सूक्ष्म जीव मरून तळाशी बसतात. मग वरचे निवळलेले पाणी नळीने हलकेच काढून घ्यावे आणि तळचे चार बोटे पाणी गाळासकट टाकून द्यावे.